बंब पेटला का?

डिसेंबर उजाडला की मराठी वर्तमानपत्रांत तीन गोष्टी हमखास येतात. निफाडचा पारा घसरतो, महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या परिसरात दवबिंदू गोठतात, आणि पान तीनवर शेकोटीभोवती बसलेल्या चार जणांचा फोटो छापून येतो. खाली ओळ असते : ‘गुलाबी थंडीचा आनंद लुटताना नागरिक’. फोटो नीट पाहिला तर त्यातला एकही नागरिक आनंद लुटताना दिसत नाही. एक धुरामुळे डोळे चोळत असतो, दुसरा काटकी आत सरकवण्यात गुंग असतो, आणि तिसरा चौथ्याला सांगत असतो, ‘ही कसली थंडी? थंडी होती आमच्या वेळी.’

आमच्या वेळच्या थंडीला पुरावा नाही असं मात्र कोणी म्हणू नये. पुण्यात १७ जानेवारी १९३५ रोजी पारा १.७ अंशांवर उतरला होता. मुंबईत, जिथे वीस अंशांना लोक कानटोपी काढतात, तिथे सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी ७.४ अंशांची नोंद झाली. अडचण एवढीच, की १९३५ची थंडी हुडहुडी भरवून सांगणारे गृहस्थ १९४१ साली जन्मलेले असतात. नागपूरकरांचं बरं आहे. त्यांचा ३.५ अंशांचा आकडा २९ डिसेंबर २०१८चा, त्यामुळे तिकडची कॉलेजातली पोरंसुद्धा आत्तापासून ‘आमच्या वेळी’ म्हणू शकतात.

एवढं सगळं असूनही मराठी माणसाने घर तापवण्याचा विचार कधी मनावर घेतला नाही. घेतला असता तरी घराने दाद दिली नसती. आपली घरं बांधली ती उन्हाळा आणि पाऊस डोळ्यांसमोर ठेवून. वर कौलं, कौलांमधून दिसणारं आकाश, दाराखाली मांजर अंग चोरून ये-जा करू शकेल एवढी फट. वाडा असेल तर मधोमध उघडा चौक. अशा वाड्यात कोणी खोली तापवायला घेतलीच असती, तर पहिली ऊब चौकातून वर जाऊन पारव्यांना मिळाली असती. त्यात थंडी असो नसो, पुढचं दार सताड उघडं. ते दुपारी लावून घेतलं की आळीत विचारणा सुरू : ‘काय हो, त्यांच्याकडे सगळं ठीक आहे ना?’

तेव्हा आपण वेगळी व्यवस्था लावली. माणूस आतून तापवायचा. त्यासाठी बाजरीची भाकरी, तीळ, डिंकाचे लाडू आणि आलं ठेचून घातलेला चहा. अंथरूण तापवायला गोधडी. खरं तर अंथरूण आपणच तापवतो आणि श्रेय गोधडीला देतो, पण ते असो. विस्तव लावून तापवायचं ते फक्त आंघोळीचं पाणी. बाकी अख्ख्या घरात खोली तापवून घेण्याचा मान एकाच व्यक्तीला, बाळंतिणीला. तिच्या बाजेखाली शेगडी, शेगडीत निखारे, निखाऱ्यांवर ओवा आणि वावडिंग. ऐन पौषात बाळ जन्मलं तर त्याला पाहायला येणाऱ्यांची रीघ लागे, आणि त्यात पुरुषमंडळी जास्त असत. बाळाचं नाक कोणावर गेलं आहे हे ठरवायला आमच्या एका काकांना पाऊण तास लागायचा, आणि तेवढ्या वेळात त्यांची नजर बाळापेक्षा बाजेखालीच अधिक असायची. शेवटी आजी म्हणायची, ‘झालं ना नाक बघून? मग ऊठ आता, आणि जाताना दार ओढून घे.’ दार ओढून घ्यायचं, पण खिडकीची एक झडप उघडी ठेवायची, हाही तिचाच दंडक. बंद खोलीत निखाऱ्यांतून निघणारा विषारी वायू वास न येता जीव घेतो, हे रसायनशास्त्राचं पुस्तक न उघडता तिला ठाऊक होतं.

आमच्या साताऱ्याच्या घरी थंडीचा सगळा कारभार बंबाच्या हाती होता. ज्यांनी बंब फक्त हॉटेलच्या कोपऱ्यात, आत दिवा लावून ठेवलेला पाहिला आहे त्यांच्यासाठी सांगतो. तांब्याचं पोट सुटलेलं पिंप, त्याच्या मधून आरपार गेलेला नळा, नळ्याच्या बुडाशी जाळी, जाळीखाली राख पडायला जागा. जळण वरून नळ्यात टाकायचं. खांद्यावर पाणी ओतायचं तोंड आणि पुढे पितळी तोटी. चुलीवरच्या हंड्याला जाळ फक्त बुडाशी लागतो, बाकीचा इकडेतिकडे जातो. बंबात जाळाला चहूबाजूंनी पाण्याचा वेढा, त्यामुळे थोडक्या जळणात काम होतं. पुण्याच्या कसबा पेठेतल्या तांबट आळीत असे बंब ठोकून ठोकून घडवत. आमच्या बंबावर हातोडीचे ते सगळे ठोके दिसत असत, शिवाय दोन पोचे होते. ते कोणी पाडले याबद्दल घरात दोन तट होते.

हिशोबाने पाहिलं तर वीस लिटर पाणी पंधरा अंशांवरून पंचेचाळीस अंशांवर न्यायला वाळलेलं लाकूड पाव किलोसुद्धा लागू नये. पण हा हिशोब वहीतला. प्रत्यक्षात निम्मी आच नळ्यावाटे वर जाते, थोडी तांबं खातं, आणि उरलेल्यातली बरीचशी बंबाला पाठ लावून पेपर वाचणाऱ्या आजोबांना जाते. त्यामुळे वहीतलं पाव किलो न्हाणीघरात पोचेपर्यंत दीड-दोन किलो होई. आजोबांनी त्या वाटणीवर कधी चर्चा होऊ दिली नाही.

थंडीत पेटणाऱ्या या लाकडाची तयारी चैत्र-वैशाखातच व्हायची. कारण मधे पावसाळा. भर उन्हात, घामाच्या धारा लागलेल्या असताना थंडीच्या गोष्टी बोलणारा माणूस घरात एकच, तो म्हणजे आजी. ‘आत्ता लाकडं भरली नाहीत तर मार्गशीर्षात काय माझी हाडं घालणार बंबात?’ हे वाक्य दर वर्षी एकदा ऐकलं की आजोबा टोपी घालून वखारीत जात. वखारीत लाकूड मणावर मिळे. मण म्हणजे चाळीस शेर, आजचे साधारण सदतीस किलो. किलो आले, मण कागदावरून गेले, पण वखारीच्या काट्याने पुष्कळ वर्षं ही बातमी मनावर घेतली नाही. एका पारड्यात वजनं, दुसऱ्यात लाकडं, आणि काट्याच्या बाजूला उभे आमचे आजोबा. ते काट्याकडे पाहायचेच नाहीत, वखारवाल्याच्या पायाकडे पाहायचे. पाय पारड्याला टेकतो, असा त्यांचा जुना संशय होता.

लाकडांतही कुळं असतात. बाभूळ पहिल्या पंक्तीची. जड, जाळ कमी आणि निखारा जास्त, रात्री राखेत दाबून ठेवला तर पहाटे उकरून काढता येईल असा. धावडा, खैर मिळाला तर भाग्य. चिंच जळते उत्तम, पण फोडणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करून घेते. आंबा मवाळ. शेवगा आणि पांगारा म्हणजे नुसता देह. हातात घ्यावा तर वजन नाही, पेटवावा तर धूर. वड-पिंपळाला हात लावायचा नाही. आणि वखारवाला हे सगळं ओळखून असल्यामुळे वर दिसायला बाभूळ, आत पांगारा अशी मोट बांधून देई. घरी गाडा रिकामा झाला की आजोबा एकेक ओंडका उलटून म्हणत, ‘हरामखोर.’ पुढच्या वर्षी परत त्याच्याकडेच जात, कारण बाकीचे वखारवाले त्याच्याहून वाईट होते.

मग फोडणारा गडी येई. कुऱ्हाड, घण आणि दोन लोखंडी पाचरी एवढा त्याचा सरंजाम. ओंडका उभा केला, त्याच्याभोवती एक फेरी मारली, रेषा कुठून कुठे जातात ते पाहिलं, आणि जिथे आपल्याला काहीच दिसत नाही अशा जागी पाचर टेकवली. घणाचा घाव बसला की लाकूड ‘कर्र’ करून स्वतःहून उकलायचं. गाठ आली की तो थांबायचा, बिडी काढायचा, आणि ओंडका उलटा करून दुसऱ्या टोकाने सुरुवात करायचा. त्याच्या कामात एकच अडथळा, आळीतले सल्लागार. आयुष्यात पेन्सिलीला टोक काढण्यापलीकडे लाकडाशी संबंध न आलेले निवृत्त हेडक्लार्क त्याला पाचर कुठे मारावी हे सांगत. तो ‘होय जी’ म्हणायचा आणि स्वतःला हवी तिथेच मारायचा. माझ्या मते सल्ला कसा ऐकावा याचं एवढं उत्तम शिक्षण दुसरीकडे मिळत नाही.

फोडलेलं लाकूड रचताना मात्र खरी जुंपायची. साली वर ठेवायच्या की खाली? आजोबा म्हणत वर, म्हणजे पावसाचं शिंतोडलेलं पाणी ओघळून जातं. शेजारचे अण्णा म्हणत खाली, म्हणजे लाकडाला वरून वारा लागतो. हा वाद साताऱ्यातला घरगुती वाद आहे असं मी समजत होतो. पुढे कळलं की नॉर्वेत २०१३च्या फेब्रुवारीत तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने जळाऊ लाकडावर सलग बारा तासांचा कार्यक्रम दाखवला. चार तास लाकूड कसं तोडावं, फोडावं, रचावं याची चर्चा, आणि पुढचे आठ तास शेगडीत जळणारी लाकडं. पन्नास लाखांच्या देशात दहा लाखांच्या आसपास लोकांनी तो थोडा तरी पाहिला, आणि तक्रारींचे संदेश पाठवले. निम्म्यांची तक्रार, साली वर का ठेवल्या? उरलेल्या निम्म्यांची तक्रार, खाली का ठेवल्या? अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, ‘त्या टीव्हीवाल्यांनी शेवटी कुठे ठेवल्या?’ मी म्हटलं, ‘काही वर, काही खाली.’ ते म्हणाले, ‘मग बरोबर आहे. सरकारी आहे ना.’

एवढा खटाटोप करायचा तो ओलावा घालवण्यासाठी. नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात जवळजवळ निम्मं पाणीच असू शकतं. असं लाकूड बंबात घातलं की ते आधी स्वतःतलं पाणी उकळतं, आणि त्यातून आच उरली तर आपलं. लाकूड वाळलं की नाही हे आजी दोन ढलप्या एकमेकींवर आपटून ठरवत असे. खणखणीत आवाज आला तर वाळली. भद्द आवाज आला तर ‘अजून कच्ची आहे’. हीच परीक्षा ती पुढे नारळाला, मडक्याला आणि पाहायला आलेल्या स्थळालाही लावायची. वाळलेलं लाकूड परसातल्या खोपीत जाई, आणि तिथे दिवाळीपर्यंत विंचवांच्या ताब्यात राही. त्यामुळे ढलप्या आणायला पाठवायचं ते घरातल्या सगळ्यात धाकट्याला. त्याला वरून सांगायचं, ‘घाबरू नकोस, आधी काठी आपट.’ सांगणारा स्वतः कधी उठायचा नाही.

बंब पेटवणं हे पहाटेचं खातं आत्याकडे होतं. तळाशी नारळाची शेंडी, तिच्यावर करवंटीचे तुकडे, मग काटक्या, मग ढलप्या. कागदात लग्नपत्रिकेला सर्वांत मान, कारण ती जाड आणि गुळगुळीत. मात्र तिच्यावरचा गणपती आधी फाडून बाजूला काढायचा. उत्तरपत्रिका दुसऱ्या क्रमांकावर. माझ्या गणिताच्या सहामाहीच्या पेपराने बंब लगेच धरला, ही त्या पेपराबद्दल घरात निघालेली एकमेव चांगली गोष्ट. पेटेपर्यंत जो धूर होई तो वाऱ्याच्या दिशेप्रमाणे अण्णांच्या माजघरात जाई. आणि अण्णांचा बंब पेटला की त्यांचा धूर आमच्याकडे येई. दोन घरांतली ही देवाणघेवाण सगळ्यांत नियमित होती.

पाणी कढत झालं की राज्यघटना लागू होई. पहिली आंघोळ आजोबांची, कारण देवपूजा. मग शाळेला जाणारे, मग ऑफिसला जाणारे. बायकांची पाळी शेवटी, म्हणजे ज्यांनी लाकडं भरून घेतली, बंब पेटवला आणि राख काढली त्यांच्या वाट्याला कोमट पाणी. हा अन्याय सगळ्यांना दिसायचा आणि सगळे अंग पुसत पुसत त्याबद्दल हळहळायचे. घटनेचं मूळ कलम एकच होतं : जेवढं गरम काढाल तेवढं गार ओता. कारण पाणी कमी झालेला बंब तसाच तापत राहिला तर डाग सुटतात आणि बंब गळू लागतो. कलम मोडणारा कोणीतरी दर थंडीत निघायचा. मग चौकशी. ‘शेवटचं कोण न्हालं?’ या प्रश्नाला आमच्या घरात कधीही सरळ उत्तर मिळालेलं नाही. प्रत्येक जण आपल्यानंतर कोणीतरी न्हाणीघरात शिरताना पाहिलं होतं एवढंच शपथेवर सांगायचा.

बंबाचा वर्षातला एकच सण, नरकचतुर्दशी. आदल्या संध्याकाळी चिंच लावून त्याला लख्ख घासायचं, भोवती रांगोळी, गळ्यात झेंडूची माळ, आणि पाणी भरून ठेवायचं. एरवी काजळी खाणारा बंब त्या दिवशी मुंजीतल्या बटूसारखा उजळून बसायचा. पहाटे सगळ्यांना उटणं लागायचं, आणि एकट्या त्या दिवशी पाणी शेवटपर्यंत कढत राही, कारण आजोबा स्वतः ढलप्या सारत बसत. बायकांनाही कढत पाणी मिळे. वर्षातून एकदा. त्याबद्दल आजोबांचं पुढे तुळशीच्या लग्नापर्यंत कौतुक चाले.

लाकडाबद्दल हळवं होऊन बोलणारे बहुतेक लोक फुंकणी न फुंकलेले असतात. डोक्यावर मोळी घेऊन रानातून चालत आलेल्या बाईला सरपणाच्या सुगंधावर चार ओळी लिहायला सांगून पाहा. २०१६ सालच्या मे महिन्यात सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने गावोगावी सिलिंडर पोचले. गावाकडे गेलं की ओट्यावर शेगडी दिसते, तिच्यावर चहा होतो, पाहुण्यांपुरता. मागच्या दारी तीन दगडांवर हंडा मात्र अजून चढलेला असतो, आणि त्याखाली तुराट्या, पऱ्हाट्या नाहीतर कणसांची बुरकुंडं. चौदा किलोचा सिलिंडर आंघोळीला जाळायचा म्हणजे काय, असा गृहिणीचा सवाल असतो, आणि त्यावर उत्तर देईल असा अर्थतज्ज्ञ अजून मला भेटलेला नाही.

घर तापवायचं नसल्यामुळे आपण अंगण तापवलं. शेकोटी ही मराठी मुलखातली एकमेव सार्वजनिक उष्णता व्यवस्था, आणि ती माणसाला अर्धाच तापवते. तोंडाकडून भाजतं, पाठीकडून काकडतं. जाणकार माणूस मधूनमधून वळतो. नवखा एकाच बाजूने करपून उठतो. गव्हाला पाणी द्यायला शेतकरी रात्री बांधावर शेकोटी करून बसतो, कारण शेतीपंपाची वीज पुष्कळदा रात्री येते. ती येईपर्यंत शेकोटी, आणि आली की गार पाण्यात पाय. त्याला कोणी ‘गुलाबी थंडी’ म्हणून दाखवावं. शहरात वॉचमनची शेकोटी असते. तिच्यात कुरिअरचे खोके, तुटकी खुर्ची, आणि सोसायटीतल्या कोणाचं तरी जुनं दार असं काहीही असतं. तिथे बसून जेवढी सोसायटीची अंदरकी बात कळते तेवढी वार्षिक सभेत कळत नाही.

आता शहरात लाकूड आणायचं म्हटलं तरी सोपं नाही. आपल्याच आवारातल्या झाडाची फांदी तोडायची तर १९७५चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे, अर्ज आहे, पाहणी आहे. वादळाने फांदी स्वतःहून पडली तर ती उचलायला कोणी येत नाही, आणि आपण उचलली तर चार खिडक्यांतून मोबाइल बाहेर येतात. त्यामुळे बंब विकला तरी जातो, नाहीतर दिवाणखान्यात येतो. आमचा दिवाणखान्यात आला. त्यात आता मोरपिसं आहेत. पाहुणे विचारतात, ‘अँटिक का?’ आत्या उत्तर देते, ‘हो. आणि त्याच्या शेजारी बसलेत तेही.’

बंबाची गादी सोलरने घेतली. सोलर उन्हाळ्यात पाणी एवढं तापवतो की त्यात अंडी उकडावीत, आणि थंडीत, ढग आले की, आठवण आल्यासारखं कोमट पाणी सोडतो. वरच्या मजल्यावरच्याला ते आधी मिळतं, खालच्याची पहिली बादली गारच निघते. मग विजेचा गीझर आला. प्रत्येक बाथरूमला एक. हवं तेव्हा, हवं तेवढं, रांग नाही, पाळी नाही, गार ओतायचं नाही. बायकांनाही कढत पाणी मिळू लागलं आणि ती हळहळ एका बटनात संपली. आता घरात भांडायला कारणच उरणार नाही, अशी काळजी मला वाटू लागली होती.

काळजीचं कारण नव्हतं. मागच्या जानेवारीत सगळं कुटुंब पुण्याहून महाबळेश्वरला निघालं, थंडीचा आनंद लुटायला. स्वेटर, मफलर, चिक्की, तिळाच्या वड्या, सगळं गाडीत. खंबाटकीचा घाट संपला आणि मागच्या सीटवरून आत्याचा आवाज आला, ‘गीझर बंद केला होता ना रे?’

गाडीत कोणीच बोलेना. मग वहिनी म्हणाली, ‘मी माझ्यानंतर चिन्मयला आत जाताना पाहिलं होतं.’ चिन्मय म्हणाला, ‘माझ्यानंतर बाबा गेले.’ बाबा म्हणाले, ‘मी फक्त दाढी केली, आणि तीही गार पाण्याने.’ तिथून पसरणी घाटाच्या वरच्या टोकापर्यंत काच बंद असलेल्या त्या गाडीत चौकशी रंगली, आणि हीटर न लावता सगळ्यांना स्वेटर काढावे लागले.